सूनबाईच्या उंचीचा ओटा

आमच्या घराण्यातल्या बाप-लेकांना एकमेकांशी बोलता येत नाही. मुके नाहीत हो कोणी. दारात भांडायला आलेल्या माणसाला आल्या पावली परत पाठवतील, अशी तोंडं चालतात सगळ्यांची. पण समोर आपला बाप किंवा आपला मुलगा असला की जीभ टाळ्याला चिकटते. माझे वडील दादाशी आईमार्फत बोलायचे. "त्याला सांग, दिवा बंद कर म्हणावं." आणि दादा तिथेच, दिव्याखाली बसलेला! मग आई म्हणायची, "अरे, दिवा बंद कर." दादा म्हणायचा, "बाबांना सांग, वाचून झालं की करतो." मधे बसून आईची मान दुखायची आणि मला हसू आवरायचं नाही. पुढे दादाचं लग्न झालं, त्याला मुलगा झाला, तो मुलगा वाढला, आणि आईची मधली जागा वहिनीने घेतली. तेव्हापासून मला त्यात हसण्यासारखं काही दिसेना.

वहिनी बुटकी. आम्ही सगळे ताडमाड, दारातून वाकून जाणारे, आणि त्यात ही एवढीशी. खालच्या स्वयंपाकघरातला ओटा आमच्या आईने स्वतःच्या उंचीचा बांधून घेतलेला. वहिनी नवी नवी होती तेव्हा टाचा उंचावून भाजी चिरायची. दादाने ते पाहिलं आणि पंपाच्या पॅकिंगचा एक लाकडी खोका आणून तिच्या पायाखाली सरकवला. "हा तात्पुरता," म्हणाला. दादाचा मुलगा त्या खोक्याला धरून उभं राहायला शिकला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, तरी खोका तात्पुरताच होता.

दादा वर्कशॉपमध्ये नोकरीला, पंप दुरुस्त करायचा. आठ गावचे पंप त्याच्या हाताखालून गेले असतील. बंद पडलेल्या मोटरीला नुसता कान लावून सांगायचा, काय बिघडलंय ते. आणि घरातल्या मोरीच्या दाराला मात्र कडी नव्हती. होती, पण लागत नव्हती. वहिनी दाराला आतून पाण्याची बादली लावून आंघोळ करायची, आणि आत कोणीतरी आहे हे बाहेर कळावं म्हणून गुणगुणत राहायची. शेजारपाजाऱ्यांना वाटायचं, काय आनंदी बाई आहे! मीसुद्धा एकदा म्हटलं, "वहिनी, तुझा आवाज गोड आहे गं." ती म्हणाली, "गोड कसला ताई, कडी नाही ना."

आता बाप-लेकाचं भांडण कशावरून झालं तेही सांगते, कारण ते इतकं फुटकळ आहे की ऐकून कोणीही कपाळाला हात लावेल. दादाने साहेबाच्या हातापाया पडून मुलाला आपल्याच वर्कशॉपमध्ये चिकटवलं. मुलाचं मन तिथे रमेना. त्याने सोडलं आणि दूरच्या शहरात विमानतळावर सामान चढवायची नोकरी धरली. दादा म्हणाला, "हमालीच करायची होती तर त्याला सांग, पुन्हा या घरात पाय ठेवू नकोस म्हणावं." मुलगा समोरच बूट घालत होता. वहिनीने हा निरोप काही दिला नाही, पण कान त्यालाही होते. तो म्हणाला, "आई, त्यांना सांग, नाही ठेवत." आणि खरंच नाही ठेवला. तिकडेच लग्न केलं, मुलगी झाली. वहिनी अधूनमधून जाऊन यायची. दादा स्टेशनवर तिला सोडायला जायचा, पिशवीत नातीसाठी काहीबाही घालायचा आणि म्हणायचा, "मी दिलं म्हणून सांगू नकोस."

दादा रिटायर झाला आणि त्याने घराला हात घातला. घर जुनं, दोन मजली. खाली पुढे दोन खोल्या, मागे एक खोली आणि स्वयंपाकघर. वरचा मजला म्हणजे पत्र्याखालची एक लांबलचक अडगळ, तुटके पाइप आणि मोटरींच्या कवट्या भरलेली. दादाचा बेत असा: पुढच्या दोन खोल्या वेगळ्या काढून भाड्याने द्यायच्या, आपण दोघांनी मागे राहायचं, आणि वर स्लॅब टाकून मुलाला, सुनेला, नातीला राहता येईल असं नीट घर करायचं. भाड्यात घराचा खर्च निघेल आणि मुलगा घरी येईल. मुलगा परत यावा, एवढंच त्याला हवं होतं. बाकी वाळू, सिमेंट, फरशी हे सगळं त्या एका वाक्याऐवजी होतं, कारण ते वाक्य काही त्याच्या तोंडून निघणार नव्हतं.

"तुझ्या लेकाला विचार," तो वहिनीला म्हणाला, "वरचा जिना बाहेरून हवा का आतून."

वहिनी मागच्या पायरीवर फोन घेऊन गेली. बऱ्याच वेळाने परत आली. "बाहेरून चालेल म्हणतो."

दादाचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! वरवर म्हणाला, "चालेल म्हणतो! मोठा आला लाटसाहेब," आणि लगेच गवंड्याकडे निघाला. पायात दोन वेगळ्या चपला होत्या.

मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. काम चालू होतं तोवर रोज जाऊन बसायचे, चहा करायचे, गवंड्याशी हुज्जत घालायचे. पुढच्या खोल्या आधी झाल्या. तिथे हॉस्पिटलमधल्या एक नर्सबाई नवऱ्याबरोबर राहायला आल्या. त्यांना पांढऱ्या टाइल्स, नवा नळ, सगळं चकाचक. मागे दादा-वहिनीच्या खोलीला रंगाचा एक हातसुद्धा लागला नाही. उरलेल्या टाइल्स दादाने वर नेल्या. मी म्हटलं, "अरे, निदान तुमच्या मोरीला तरी लाव." तर म्हणे, "आम्हाला काय करायचंय?" 'आम्हाला' म्हणताना त्याने वहिनीकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग वरचं काम सुरू झालं आणि सूनबाईचे निरोप यायला लागले. रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी हवी, आणि तिला बसता येईल असा रुंद कठडा हवा. गवंडी म्हणाला, "काका, ही भिंत भार घेणारी आहे. इथे एवढी खिडकी काढली तर वर बीम टाकावा लागेल. त्यापेक्षा मागे काढू." दादा म्हणाला, "टाक बीम." मी चिडले. म्हटलं, "वहिनी, कधी राहायला आली नाही आणि आधीच एवढे नखरे? रस्त्यावर काय मेलं बघायचंय तिला?" वहिनी म्हणाली, "असू दे ताई. बसावंसं वाटत असेल कधी तिला."

ओट्याचं तर मी डोळ्यांनी पाहिलं. दादाने वहिनीला वर बोलावलं. "किती उंच करायचा? विचारलंस का तिला?" वहिनी म्हणाली, "विचारलं." आणि भिंतीला लागून उभी राहिली, हात कोपरात दुमडला. "एवढा. माझ्या कोपराच्या चार बोटं खाली, म्हणाली." दादाने कानावरची पेन्सिल काढून तिच्या कोपराशी भिंतीवर रेघ मारली, चार बोटं खाली मोजून दुसरी मारली. मग म्हणाला, "फार खाली नाही वाटत?" "तिला असाच लागतो," वहिनी म्हणाली. "बरं, बरं. तिचा ओटा, तिची मर्जी," असं म्हणून दादाने गवंड्याला हाक मारली.

एके दिवशी मी मागच्या दाराने आले. वहिनी पायरीवर पाठमोरी बसून फोनवर बोलत होती. तिला जरा कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा आवाज मोठा. भाच्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "आई, नाही म्हणजे नाही! किती वेळा सांगू? पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. आम्ही येणार नाही. माझ्या नावाने तिथे एक वीटसुद्धा लावू नका म्हणावं त्यांना."

"बरं," वहिनी म्हणाली. "जेवलास का?"

फोन ठेवून ती उठली, माझ्याकडे न पाहता आत गेली, आणि वाळू चाळणाऱ्या दादाला म्हणाली, "अहो, तो म्हणतो, वरच्या मोरीला आतून भक्कम कडी पाहिजे."

"लावतो म्हणावं," दादा म्हणाला. "पितळेची लावतो."

 मी वहिनीला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "अगं, तुला काही कळतं का? तो येणार नाही म्हणतोय आणि तू ह्याला इथे रोज नवीन काम सांगतेस? उद्या सगळं बांधून झालं की काय करशील?"

ती खोक्यावर चढून चहाचं आधण ठेवायला लागली. "ताई, आज सांगितलं तर ते घमेलं तिथेच टाकतील. आणि मग उठायचे नाहीत. तुम्ही बघता ना, रिटायर झाले तेव्हा कसे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे? आता पहाटे उठून विटांवर पाणी मारतात. बांधू दे. बांधेपर्यंत त्याचं मन वळेल."

"आणि नाही वळलं तर?"

"तुम्हाला साखर कमी ना?" ती म्हणाली.

मी हात टेकले. माझी समजूत अशी की, बिचारी तोंडाला येईल ते सांगते, खिडकी काय, कडी काय. मी माझ्या हुशारीवर खूष होते.

वरचं घर झालं आणि देखणं झालं, दादाचं काम होतं ते. दादाने दाराला कुलूप लावलं, किल्ली वहिनीकडे दिली. "येतील तेव्हा येतील. तोवर धूळ झाडत जा." वहिनी रोज दुपारी झाडू घेऊन वर जायची. मी तिला चिडवायचे, "एवढ्याशा दोन खोल्या झाडायला तुला दुपार पुरत नाही का गं?" एकदा मी तिला शोधत वर गेले, तर झाडू दाराशी आणि बाई खिडकीच्या कठड्यावर पाय वर घेऊन बसलेली. मला बघून दचकून उतरली. तेवढ्यात खालून दादाची हाक आली, "अगं, झालं का नाही? वापरून जुनं करू नकोस त्यांचं!"

पावसाळा गेला, उन्हाळा गेला. मुलगा येण्याचं नाव नाही. दादा विचारायचा, वहिनी सांगायची, नातीची शाळा आहे, सुट्टी नाही, पुढच्या वेळी. वहिनीचे गुडघे धरले होते. खोक्यावर चढताना एक हात ओट्यावर, एक कमरेवर. एकदा माझ्यासमोर तिने धीर केला. भांडी पुसत पुसत, अगदी सहज म्हणाली, "अहो, तो म्हणत होता, आम्ही येईपर्यंत आईबाबांनीच वर राहावं. रिकामं घर खराब होतं म्हणतो."

 आता हा हो म्हणेल, मला वाटलं. मुलाच्या नावाने त्याने भिंत फोडली होती, बीम टाकला होता. एवढंसं काय जड आहे?

दादा ताडकन उभा राहिला. "त्याला सांग, बापाला कोणाचे उपकार नकोत म्हणावं. बापाने त्याला घर बांधून दिलंय. तो बापाला राहायची परवानगी देणार का?"

"अहो, तसं नाही म्हणाला तो..."

"मला कळतं तो कसा म्हणाला ते."

 वहिनी पुसलेलंच भांडं परत पुसत बसली.

त्या थंडीत ती खोक्यावरून पडली. खोक्याची एक फळी कुजली होती, पाय आत गेला आणि ती आडवी झाली. हातात उकळत्या पाण्याचं पातेलं नव्हतं, एवढंच नशीब. खुब्याचं हाड मोडलं. नर्सबाई पुढून धावत आल्या, त्यांनीच गाडी बोलावली. हॉस्पिटलमध्ये वहिनी मला म्हणाली, "ताई, वरच्या खिडक्या लावल्यात का बघा." ऑपरेशन झालं, मग छातीत कफ भरला, आणि तिची तब्येत जी ढासळली ती सावरलीच नाही. मुलाला कळवलं ते मी. तो निघाला, पण पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वहिनी गेली.

आणि मग मुलगा घरी आला. सून, नात, सगळे आले. खाली जागा कुठे होती? मीच कुलूप काढलं आणि त्यांना वर नेलं. दादा इतकी वर्षं ज्या घडीची वाट पाहत होता ती घडी ही अशी आली. तो खाली, खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होता.

सकाळी सून वर चहा करत होती. मी दादाला उठवून, हाताला धरून वर आणलं, म्हटलं नातीजवळ तरी बस. सून आमच्या घरात शोभेल अशी उंच. ओट्याशी कमरेत वाकून, पाय फाकवून उभी होती. कंबर धरून सरळ झाली आणि साधेपणाने म्हणाली, "आत्या, हा ओटा कोणासाठी बांधलाय हो? एवढा खाली?"

दादा दारात थांबला. "तुझ्याचसाठी," तो म्हणाला. "तूच सांगितलंस ना एवढा?"

"मी? मी कधी सांगितलं बाबा?"

दादाने आयुष्यात पहिल्यांदा, नातीशेजारी बसलेल्या मुलाकडे सरळ पाहिलं. "तुम्हीच मागितलं सगळं. खिडकी, कडी, ओटा."

मुलगाही सरळ बापाशी बोलला. "मी काहीच मागितलं नाही, बाबा. मी आईला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आम्ही येणार नाही."

 गिलाव्यावर पेन्सिलच्या त्या दोन रेघा नव्हत्या आता, रंगाखाली गेल्या होत्या. दादा ओट्याजवळ गेला. ओट्यावर तळहात टेकवला. मग तिथून चार बोटं वर मोजली आणि तो हात तसाच हवेत धरून उभा राहिला. तिथे वहिनीचं कोपर येत होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी, जिला सगळं माहीत होतं! अगं बाई गं, वहिनी! बादली लावून गुणगुणणारी तू, आणि मी सुनेचे नखरे म्हणून बोटं मोडत होते.

मुलगा तिसऱ्या दिवशी गेला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "आत्या, बाबांना सांग, वरची जागा भाड्याने द्या म्हणावं." मी म्हटलं, "बाप समोर बसलाय, तूच सांग. ह्या निरोपांनी एक बाई खाल्ली, मी नाही मधे बसणार." त्याने दादाकडे पाहिलं. दादाने त्याच्याकडे पाहिलं. मग दोघांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं आणि तो निघून गेला. आता बापाची खबर विचारायला त्याचा फोन आला तर नर्सबाईंकडे येतो म्हणे.

दादा खिडकीच्या कठड्यावर बसला होता. मला विचारलं, "इथून काय दिसायचं तिला?"

मी बाहेर पाहिलं. समोरच्या घराची पाण्याची टाकी, सायकलचं दुकान, येणारी-जाणारी माणसं. "रस्ता," मी म्हटलं.

"नुसता रस्ता?"

"खालच्या स्वयंपाकघरातून तेवढाही दिसत नाही."

 "मग मला सांगायचं होतं," तो म्हणाला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुला? तिने स्वतःसाठी मागितलं असतं तर बीम टाकला असतास? खरं सांग."

मला वाटलं, आता हा भांडेल. त्याने विचार केला. नीट, एखाद्या मोटरीला कान लावून करायचा तसा. "नाही," तो म्हणाला.

वरची जागा बघायला दोन-तीन भाडेकरू आले. ओटा उंच करून द्याल का म्हणाले, तर दादाने सगळ्यांना वाटेला लावलं. आता तोच वर राहतो. खाली आईच्या वेळचा ओटा अगदी त्याच्या उंचीचा आहे, तो रिकामा पडलाय, आणि हा ताडमाड म्हातारा वर कमरेत मोडून भात लावतो. परवा मी गेले तेव्हा एक हात पाठीवर ठेवून कांदा चिरत होता. म्हटलं, "अरे, मणके जातील तुझे. खाली कर ना स्वयंपाक."

तो सरळ झाला नाही. कांद्याकडे बघतच म्हणाला, "तिला सांग, ओटा चांगला झालाय म्हणावं."

मी तशीच दारात उभी राहिले. आता सांगू तरी कोणाकरवी?